सिएन्सियानो, कुस्को: देशात कधीच पहिला नाही, खंडात मात्र पहिला

आडवापास (धागाकर्ता)

दक्षिण अमेरिकी फुटबॉलवर बोलायचं म्हटलं की आपली गाडी बोका, रिव्हर, सांतोस, फ्लामेंगो या स्टेशनांवरच थांबते. म्हणून हा धागा पेरूतल्या कुस्को शहराच्या सिएन्सियानो क्लबसाठी.

आधी नाव. कुस्कोत 'कोलेहिओ नासिओनाल दे सिएन्सियास' ही जुनी शाळा आहे. सिमोन बोलिव्हारने १८२५ साली ती सुरू केली. 'सिएन्सियास' म्हणजे विज्ञानं, त्या शाळेचा विद्यार्थी तो 'सिएन्सियानो'. ८ जुलै १९०१ रोजी तिथल्या मुलांनी क्लब काढला आणि तेच नाव ठेवलं. रंग लाल.

आता मूळ गंमत. पेरूच्या पुरुषांच्या वरिष्ठ क्लबांमध्ये खंडीय विजेतेपद फक्त सिएन्सियानोकडे आहे: २००३ची कोपा सुदामेरिकाना (खंडातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा) आणि त्यावर २००४ची रेकोपा (दोन खंडीय विजेत्यांमधली लढत). राजधानी लीमाचे उनिव्हर्सितारिओ १९७२ला आणि स्पोर्टिंग क्रिस्ताल १९९७ला लिबर्तादोरेसच्या (खंडातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा) अंतिम फेरीत पोचले, दोघेही हरले. पण सिएन्सियानोने स्वतःच्या देशाची लीग आजवर एकदाही जिंकलेली नाही. २००१, २००५ आणि २००६, तिन्ही वेळा शेवटच्या पायरीवर घसरगुंडी.

हे कसं झालं यावर चर्चा करू. "उंचीमुळे जिंकले" हे एका ओळीचं उत्तर माहीत आहे. ते कितपत खरं आहे तेच तपासायचं आहे.

रविवारचा_गोलकीपर

म्हणजे आपल्याकडे 'सायन्स कॉलेज इलेव्हन'ने आशिया कप उचलावा तसं! वाचतोय.

प्रश्न: उंची उंची म्हणतात ती नक्की किती?

कातळशिल्प

कुस्को सुमारे ३४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६. दोन कळसूबाई एकावर एक रचली तरी कुस्कोचं मैदान वरच राहतं. लेह शहर साधारण याच पट्ट्यात येतं.

हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कलच्या जागी ६७०च्या आसपास. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के असतं, पण दाब कमी म्हणून एका श्वासात येणारा ऑक्सिजन कमी. ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता नव्या माणसात १५ ते २० टक्क्यांनी उतरते. एक धाव जमते. दुसरीच्या आधी सावरायला वेळ लागतो, आणि खरी मेख तिथे आहे. वरची टीम पहिल्या मिनिटाला वेगवान दिसत नाही, सत्तराव्या मिनिटाला दिसते.

चेंडूचंही सांगतो. हवा विरळ, म्हणून रोध कमी: लांबचा फटका काही मीटर पुढे पडतो. पण चेंडूला वळवणारं बलही हवेतूनच येतं, तेही तेवढंच घटतं. म्हणून फिरकी दिलेला चेंडू अपेक्षेपेक्षा सरळ जातो. पाहुण्या गोलकीपरचे दोन अंदाज एकदम चुकतात, चेंडू लवकर येतो आणि कमी वळतो.

आणखी एक बारीक गोष्ट. लीमात ०.९ बार भरलेला चेंडू विमानाने कुस्कोत नेला तर बाहेरचा दाब ०.३४ बारने उतरल्यामुळे गेज १.२४ दाखवेल. नियमातली कमाल मर्यादा १.१ आहे. चेंडू दगडासारखा लागतो, टप्पा उंच जातो. सरावाचे चेंडू खालून आणले असतील तर वर पोचल्यावर हवा काढून पुन्हा गेज लावावंच लागतं.

शिट्टी_वाजली

झालं की मग! अशा मैदानावर कोणीही जिंकेल. २००३चं यश म्हणजे भूगोलाचा पेपर होता, फुटबॉलचा नाही.

आडवापास

@शिट्टी_वाजली, आकडेच मांडतो. सुरुवातीला देशातल्याच अलियान्सा लीमाला बाहेर काढलं. त्यानंतरचा प्रवास असा (प्रत्येक फेरीत दोन सामने, गोलांची बेरीज; सिएन्सियानोचे गोल आधी):

उनिव्हर्सिदाद कातोलिका (चिली): कुस्कोत ४-०, सांतियागोत १-३.
सांतोस (ब्राझील): सांतोसच्या मैदानावर १-१, कुस्कोत २-१.
आत्लेतिको नासिओनाल (कोलंबिया): मेदेयिनमध्ये २-१ विजय, कुस्कोत १-०.
अंतिम फेरी, रिव्हर प्लेट: १० डिसेंबरला ब्यूनोस आयरेसमध्ये ३-३, १९ डिसेंबरला आरेकिपात १-०.

यातले सांतोस म्हणजे रोबिन्यो, दिएगो, एलानो यांचा सांतोस, त्याच वर्षीचा लिबर्तादोरेस उपविजेता. नासिओनाल हा आदल्या वर्षीचा सुदामेरिकाना उपविजेता. रिव्हरचा प्रशिक्षक मानुएल पेलेग्रिनी, आक्रमणात मार्सेलो सालास.

जमाखर्च

वरच्या यादीचा हिशेब केला, निकाल मजेदार आहे.

कुस्कोतले तीन सामने: केलेले गोल ७, खाल्लेला १.
बाहेरचे चार सामने: केलेले ७, खाल्लेले ८.

म्हणजे गोल करायला यांना डोंगर लागत नव्हता. सांतियागो, सांतोस, मेदेयिन, ब्यूनोस आयरेस, प्रत्येक ठिकाणी गोल केला आहे. डोंगराने त्यांना दिला तो बचाव. पाहुण्यांचे पाय जड झाले की प्रतिहल्लाच येत नाही, १-० किंवा २-१ टिकवता येतो. कातोलिकाविरुद्धचा ४-० नसता तर सांतियागोतच खेळ आटोपला असता, हेही मान्य. ती एक फेरी मी उंचीच्या खात्यात टाकतो. बाकीच्या टाकत नाही.

शिट्टी_वाजली

बरं, हिशेब पटला. पण अंतिम सामना आरेकिपात का? तीही उंचच जागा ना? मुद्दाम निवडली असणार.

आडवापास

उलट आहे. अंतिम सामन्यासाठी कोनमेबोलची (दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघ) अट किमान ४०,००० प्रेक्षकक्षमतेची. कुस्कोचं इंका गार्सिलासो दे ला वेगा स्टेडियम तेव्हा त्यात बसत नव्हतं. म्हणून सामना आरेकिपातल्या सान आगुस्तीन विद्यापीठाच्या मोन्युमेंतालला गेला. ते शहर सुमारे २३०० मीटरवर. म्हणजे सिएन्सियानोने हजारभर मीटरचा फायदा सोडला, वर घरचं मैदानही गेलं.

कुस्कोचं स्टेडियम पुढे २००४च्या कोपा आमेरिकासाठी वाढवलं. तिसऱ्या क्रमांकाचा कोलंबिया-उरुग्वे सामना तिथे झाला. अंतिम सामना सात महिने उशिरा असता तर घरीच खेळले असते.

डावा_पाय

एक दुरुस्ती, कारण हे चुकीचं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. "३-३ करून आले म्हणजे घरी ०-० पुरलं असतं" असं नव्हतं. अंतिम फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना जादा वजन नव्हतं. ०-० झालं असतं तर एकूण बरोबरी आणि पुढे जादा वेळ, पेनल्टी. म्हणून ब्यूनोस आयरेसचे तीन गोल महत्त्वाचे ते दबाव उतरवणारे म्हणून, नियमाच्या हिशेबात नाही.

आरेकिपातला गोल ७८व्या मिनिटाला, कार्लोस लुगोच्या फ्री किकवर. लुगो पॅराग्वेचा, बचावपटू. आणि सामना संपला तेव्हा सिएन्सियानोचे मैदानावर नऊच जण उरले होते, दोघांना लाल कार्ड. नऊ जणांनी रिव्हरला थोपवणं हे २३०० मीटरवरही सोपं काम नाही.

मंगळवारपेठ

संघात होतं कोण? एखादा पेले-बिले होता का?

आडवापास

तसं कोणीच नाही, आणि म्हणूनच हा संघ मला आवडतो. गोलमध्ये ऑस्कर इबान्येस, जन्माने अर्जेंटिनी, पेरूचा नागरिक झालेला, वय ३६. मध्यभागी हुआन कार्लोस बासालार, ३५. पुढे हेर्मान कार्ती, तोही ३५. लीमातल्या मोठ्या क्लबांच्या हिशेबात या वयाचे खेळाडू निवृत्तीच्या रांगेतले. स्पर्धेत सर्वाधिक गोल कोणाचे? कार्तीचे, सहा. बचावात सांतियागो आकासिएते, तो नंतर स्पेनच्या आल्मेरियात बरीच वर्षं खेळला. सेसार क्काउआन्तिको हा कुस्कोचा घरचा पोरगा.

प्रशिक्षक फ्रेडी तेर्नेरो. 'सी से पुएदे', म्हणजे 'जमू शकतं', ही घोषणा त्याच्याशी जोडली गेली आणि पेरूभर पसरली. पुढे तो लीमातल्या सान मार्तीन दे पोर्रेसचा महापौर झाला. २०१५च्या सप्टेंबरमध्ये गेला. क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला तोही २०१५लाच.

वयस्कर खेळाडू कुस्कोत कसे चालले, हा प्रश्न येईलच. ते हंगामभर तिथेच राहून सराव करत होते, शरीर रुळलेलं होतं. वेग कमी पडला तरी चेंडू कधी सोडायचा, कधी धरायचा हे त्यांना कळत होतं. विरळ हवेत तेच जास्त कामाला येतं. उगाच धावणाऱ्याचा दम आधी जातो.

कातळशिल्प

यात भर. पाहुण्या संघापुढे दोनच शहाणे मार्ग असतात.

एक, सामन्याच्या काही तास आधी उतरायचं, खेळायचं, निघायचं. उंचीचा त्रास (डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं) साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत कळस गाठतो. त्याआधीच सामना उरकायचा. लीमाहून विमानाला सव्वा तास लागतो, त्यामुळे जमतं. फक्त विमान धुक्यात अडकलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

दोन, आठवडा-दोन आठवडे आधी जाऊन रुळायचं. लीग चालू असताना कुठल्या क्लबला ते परवडतं?

सगळ्यात वाईट मार्ग मधला: आदल्या दिवशी जाऊन रात्री मुक्काम. नेमक्या वाईट वेळी सामना येतो. तरी संघ ते करतात, कारण प्रवासाच्या दिवशी खेळणं त्यांना धोक्याचं वाटतं.

ड्रेसिंगरूममधले ऑक्सिजन सिलिंडर फोटोत झकास दिसतात. मुखवटा नाकावर असतो तोवर उपयोग, काढल्यावर काही मिनिटांत परिस्थिती जैसे थे.

वैद्यबुवा_नाही

लडाखला जाणारे ज्या गोळ्या खातात (अॅसिटाझोलामाइड, डायमॉक्स) त्या खेळाडूंना चालत नाहीत. ते मूत्रल औषध आहे आणि उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. म्हणजे पर्यटकाचा सोपा उपाय फुटबॉलपटूला बंद.

दुसरा सापळा कोकाच्या पानांचा चहा. कुस्कोत हॉटेलात शिरताच समोर ठेवतात, आपल्याकडे पाण्याचा ग्लास ठेवावा तसा. त्यानंतर लघवीत बेन्झॉइलएक्गोनिन सापडू शकतं, म्हणजे कोकेनचाच अंश. पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो २०१७ला याच पदार्थासाठी अडकला. चहातून आलं असं त्याचं म्हणणं. शिक्षा आधी एक वर्ष, मग सहा महिने, मग क्रीडा लवादाने चौदा महिने केली. शेवटी स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने शिक्षा तात्पुरती थांबवली म्हणून तो २०१८चा विश्वचषक खेळू शकला. त्यामुळे पाहुण्या संघाच्या आचाऱ्याचं पहिलं काम: हॉटेलच्या चहाच्या पुड्या उचलून बाजूला ठेवणे.

रविवारचा_गोलकीपर

फिफाने उंचीवर बंदी आणली होती ना मध्ये?

डावा_पाय

हो. मे २००७मध्ये २५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामने नकोत असा निर्णय. महिन्याभरात मर्यादा ३००० केली. बोलिव्हिया, पेरू, एक्वादोर, कोलंबिया यांनी आवाज केला आणि मे २००८ला बंदी मागे गेली.

त्याच २००७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १४६० आंतरराष्ट्रीय सामन्यांचं विश्लेषण आलं. दोन संघांच्या उंचीत १००० मीटरचा फरक असला तर गोलफरकात साधारण अर्ध्या गोलाची भर, असा निष्कर्ष. कुस्को विरुद्ध समुद्रकाठचा संघ म्हणजे पावणेदोन गोल. पण ते देशांच्या सामन्यांचं गणित. क्लबांना जसंच्या तसं लावू नये, क्लबचे निम्मे खेळाडू समुद्रकाठचेच असतात.

जमाखर्च

तुलना हवी असेल तर उत्तम उदाहरण पेरूतच आहे: बिनासिओनाल. हुलियाका, ३८०० मीटरच्याही वर. २०१९ला देशाचा विजेता झाला. अंतिम फेरीत अलियान्सा लीमाला घरी ४-१ हरवलं, लीमात ०-२ हरले, एकूण ४-३. पुढच्या वर्षी लिबर्तादोरेसमध्ये साओ पावलोला हुलियाकात २-१ हरवलं आणि आठवड्याभरात ब्यूनोस आयरेसला जाऊन रिव्हरकडून ०-८.

निव्वळ उंचीवर उभा असलेला संघ असा दिसतो. त्याच शहरात, त्याच क्लबविरुद्ध सिएन्सियानो ३-३ खेळला होता.

शिट्टी_वाजली

०-८ वाचून मी माझा 'भूगोलाचा पेपर' मागे घेतो.

आडवापास

मागे घेण्याआधी रेकोपाचंही ऐका. सुदामेरिकानाचा विजेता विरुद्ध लिबर्तादोरेसचा विजेता, म्हणजे बोका जुनियर्स. ७ सप्टेंबर २००४, स्थळ अमेरिकेतलं फोर्ट लॉडरडेल. समुद्र हाकेच्या अंतरावर, उंची जवळपास शून्य, फ्लोरिडाचा दमट सप्टेंबर. खालच्या जड हवेत डोंगरी संघांचे पास तोकडे पडतात, घामाने वाट लागते. तेवेसच्या गोलने बोका पुढे, अगदी शेवटी रोद्रिगो सारासने बरोबरी, १-१. पेनल्टीत ४-२ सिएन्सियानो. एका वर्षाच्या आत रिव्हर आणि बोका दोघांनाही हरवून करंडक नेला. 'एल पापा दे आमेरिका', अमेरिका खंडाचा बाप, हे टोपणनाव तिथलं.

मंगळवारपेठ

मग देशात काय अडलं? रिव्हरला हरवणाऱ्याला पेरूची लीग जड का जावी?

कुंपणावरचा

दोन गोष्टी आहेत.

पहिली जुनी. पेरूची पहिली श्रेणी १९६६पर्यंत फक्त लीमा आणि शेजारचं काय्याओ बंदर एवढ्यापुरती होती. प्रांतातले क्लब १९६६ला आत आले. त्यानंतरही राजधानीबाहेर गेलेली विजेतेपदं बोटांवर मोजावीत: उनिओन उआराल १९७६ आणि १९८९, मेल्गार १९८१ आणि २०१५, हुआन आउरिच २०११, बिनासिओनाल २०१९. बाकी बहुतेक मामला लीमातल्या उनिव्हर्सितारिओ, अलियान्सा आणि क्रिस्ताल यांच्यात.

दुसरी रचनेची. तेव्हा वर्षात दोन स्पर्धा: आपेर्तुरा आणि क्लाउसुरा. दोन्हींचे विजेते वेगळे असले की शेवटी दोघांत निर्णायक लढत व्हायची. सिएन्सियानोने २००१ची क्लाउसुरा, २००५ची आपेर्तुरा आणि २००६ची क्लाउसुरा जिंकली. म्हणजे अर्धा हंगाम तीनदा त्यांचा होता. निर्णायक लढतीत २००१ला अलियान्साकडून पेनल्टीवर हरले (अलियान्साचं शताब्दी वर्ष, लीमात केवढा जल्लोष असेल), २००५ला क्रिस्तालकडून, २००६ला पुन्हा अलियान्साकडून.

बाद फेरीच्या स्पर्धेत दोन महिने चांगले गेले की पुरे. लीगमध्ये राखीव फळी लागते, दर पंधरा दिवसांनी डोंगर उतरून समुद्रावर आणि परत, हे वर्षभर सोसावं लागतं. तिथे पैसेवाला जिंकतो. शिवाय यशस्वी प्रांतीय संघाचे चांगले खेळाडू पुढच्याच हंगामात कोणी ना कोणी उचलतं. आकासिएते २००४ला गेला तसा.

डावा_पाय

+१. २००३च्या हंगामात तर देशातली क्लाउसुरा खेळाडूंच्या संपामुळे अर्धवटच थांबली होती. म्हणजे सुदामेरिकानाच्या शेवटी यांना लीगची ओढाताण नव्हती. मी याला नशीब म्हणेन. अर्थात सामन्यांचा सरावही तुटला, ती दुसरी बाजू.

रविवारचा_गोलकीपर

आता कुठे आहेत? आणि गार्सिलासो नावाचा क्लबही कुस्कोचाच ना, माझा नेहमी गोंधळ होतो.

आडवापास

गोंधळ सगळ्यांचाच होतो. तीन वेगळे क्लब आहेत:

सिएन्सियानो, १९०१, लाल.

देपोर्तिव्हो गार्सिलासो, १९५७, हाही शाळेतून निघालेला. जुना वैरी, 'क्लासिको कुस्केन्यो' म्हणजे या दोघांचा सामना. २०२२ची कोपा पेरू (गावोगावच्या हौशी संघांपासून सुरू होणारी स्पर्धा) जिंकून वर आला.

रेआल गार्सिलासो, २००९, म्हणजे कालचं पोर. २०१२ आणि २०१३ला सलग लीगचा उपविजेता. २०१९ संपताना नाव बदलून कुस्को एफसी.

गार्सिलासो हा १५३९ला कुस्कोत जन्मलेला इतिहासकार: आई इंका घराण्यातली, बाप स्पॅनिश. शाळा, स्टेडियम, क्लब सगळ्यांना त्याचं नाव, आणि तिघेही खेळतात त्याच एका स्टेडियममध्ये. २०२३ला तिघेही पहिल्या श्रेणीत होते, त्यामुळे मैदानाच्या तारखा जुळवणं हेच मोठं काम. एवढं असून देशाचं विजेतेपद २०२५पर्यंत तरी कुस्कोत आलेलं नाही.

सिएन्सियानोचं म्हणाल तर २०१५ला खाली, चार हंगाम दुसऱ्या श्रेणीत, २०१९ला ती जिंकून २०२०पासून परत वर. २०२५च्या सुदामेरिकानात गट जिंकला, त्यात आत्लेतिको मिनेइरोला मागे टाकलं. पुढच्या फेरीत बाहेर काढलं ते बोलिव्हार क्लबने, ला पासच्या.

कातळशिल्प

ला पास ३६०० मीटर. म्हणजे ज्याची त्याची उंची!

मंगळवारपेठ

सामने बघायचे असतील तर आपल्याकडे किती वाजता?

डावा_पाय

पेरू आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, घड्याळ मागेपुढे करायची भानगड नाही, वर्षभर तोच फरक. तिथला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे रात्री दीडला. रात्री आठचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, चहाबरोबर. खंडीय स्पर्धांचे सामने बहुधा रात्रीचे, ते सोयीचे. तारीख बघताना मात्र एक दिवस पुढे धरा, नाहीतर मंगळवारचा सामना मंगळवारी सकाळी शोधत बसाल.

बघायला बसलात तर ६५व्या मिनिटानंतर चेंडू सोडून पाहुण्या संघाचे दोन साइडबॅक बघा. वर गेलेले परत किती वेळात येतात, तेवढं पुरे.